एका गाडीला एकच चालक

३ जानेवारी
दगडखाणीवरून

दादा,

नमस्कार. वाकून करणार होते, पण टँकरच्या केबिनमध्ये बसून लिहितेय आणि इथे वाकलं की हॉर्न वाजतो. उभ्यानंच केला असं धर.

फोन का लागत नाही म्हणून तू चिडला असशील. फोन ओढ्यात पडला. मी पाडला नाही, तोच खिशातून निघून गेला. जिवंत असता तरी या डोंगरात मुकाच राहिला असता, इथे रेंज नाही. टपाल मात्र दुधाच्या टेंपोतून येतं-जातं, तेव्हा उत्तर लिही.

आता मुद्दा. लगेच सांगते, कारण भिंगरीचं पत्र म्हणजे सगळं गाव फिरून शेवटी दाराशी, असं तू म्हणतोस. इथे एक फिरता दवाखाना आहे. एक डॉक्टरीणबाई, एक नर्स आणि एक जीप. वरच्या वस्त्यांना रस्ताच नाही. दगड, चिखल, ओढे, त्यातून जीप जाते. त्यांच्या ड्रायव्हरचे गुडघे गेलेत. मी दवाखान्याला पाणी पोचवते, तेव्हा बाईंनी मला टँकर चढावर घेताना पाहिलं आणि विचारलं, "आमच्याकडे येतेस का, कायमची?" दादा, 'कायमची' हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. लोक मला "उद्यापासून येऊ नकोस" एवढंच म्हणतात.

अट एकच. ऑफ-रोडिंगचा क्लास पास झाल्याचा दाखला हवा. क्लास जवळच्याच बंद पडलेल्या खाणीत असतो, दोन दिवसांचा, आणि शिकवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. गाडी आपली आपण आणायची, तीही फोर व्हील. एका गाडीला एकच चालक. दवाखान्याची जीप दोन दिवस अडकवता येत नाही, वर कुणाचं ना कुणाचं बाळंतपण वाटच बघत असतं. टँकर चालत नाही. माझ्या ओळखीत फोर व्हील एकच आहे. दोन वर्षं घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर एवढाच डोंगर चढलेली, तुझी.

तयारी काही नाही. गाडी रिकामी हवी, पुढेमागे ओढायचे हूक हवेत, टायरची हवा मोजायचं मीटर हवं. ८ आणि ९ फेब्रुवारी, दोनच दिवस.

देशील का?

तुझी
भिंगरी

ता. क. इथे एक हंस आहे. कुणाचा ते माहीत नाही. फक्त निळ्या ट्रकवर धावून जातो. त्याच्यावर एक सबंध पत्र लिहिता येईल, पण तू वाचणार नाहीस.

---

९ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळाले. त्यावर डिझेलचे डाग होते, त्यामुळे ते गॅलरीत उभे राहून वाचावे लागले.

तुला नोकरी मिळत असल्यास आनंदच आहे. परंतु यापूर्वीही झाला होता. बेकरीच्या वेळी झाला, फोटो स्टुडिओच्या वेळी झाला, सर्कशीत तिकिटे फाडायला लागलीस तेव्हा थोडा कमी झाला. मधमाश्यांच्या वेळी तू माझी गच्ची मागितलीस आणि मी दिली. खालच्या मजल्यावरचे काका अद्याप जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत.

गाडीविषयी. तिच्या सीटवरचे प्लॅस्टिक मी अजून काढलेले नाही. फोर व्हीलची दांडी आजवर हलवलेली नाही, कारण हलवण्याजोगी परिस्थिती उद्भवली नाही. अशी गाडी खाणीत पाठवणे म्हणजे पोटच्या पोरीला परीक्षा म्हणून विहिरीत ढकलणे होय. सबब गाडी देता येणार नाही.

सहज विचारतो. या क्लासला साधारण कोण लोक येतात? आमच्या ऑफिसात साहेब आणि वरच्या मजल्यावरची मंडळी मिळून 'रविवार मोहीम मंडळ' चालवतात. गाड्या घेऊन कुठे कुठे जातात आणि सोमवारी कँटीनमध्ये मोठ्याने बोलतात. मला अद्याप बोलावणे आलेले नाही. त्यांच्यापैकी कोणाकडे असा दाखला असल्याचे ऐकिवात नाही. दाखला भिंतीवर लावण्याजोगा असतो का?

दादा

---

१३ जानेवारी

दादा,

तू 'नाही' म्हणून सुरुवात केलीस आणि चौकशी करून संपवलंस. लहानपणी गोळी नको म्हणायचास आणि डबीचं झाकण उघडून बघायचास, अगदी तसं. म्हणजे आशा आहे.

क्लासला सगळे तुझ्यासारखेच येतात रे. पोट पुढे, टोपी वर, आणि गाडी नवी. उस्ताद फार बोलत नाही. घडीच्या खुर्चीत बसतो, गळ्यात शिट्टी. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गाडीच्या आधी पाय." म्हणजे आधी उतरायचं, वाट चालून बघायची, मग गाडी घालायची. म्हणून मी रोज काम संपलं की खाणीतले चढ पायी चढून येते. काल मात्र अर्ध्या वाटेत एक माणूस भेटला, तो बेडकांचे आवाज टेप करत फिरतो. त्याच्याबरोबर डबक्याकाठी अंधार पडेपर्यंत बसले. एका बेडकाचा आवाज थेट आपल्या गणिताच्या मास्तरांसारखा होता. चढ राहिला. आज केला.

सगळ्यात अवघड काय असतं सांगू? चढणं नाही. चढताना मध्येच गाडी बंद पडली तर काय करायचं, ते. तिथे गाडी वळवायला गेलास की आडवी होऊन कोलांट्या खात खाली. वळायचंच नाही. रिव्हर्स टाकायचा, क्लच सोडायचा, इंजिनाच्या जोरावर सरळ मागे उतरायचं. उस्ताद म्हणतो, शंभरातले नव्वद इथे नापास होतात, कारण सगळ्यांना मागे येण्याची लाज वाटते.

गाडीला प्लॅस्टिकसकट पाठव. मी प्लॅस्टिकवर बसेन. बिचारी ती गाडी, चालायला पाय आहेत आणि कुणी पाळण्यातून उतरूच देत नाही.

भिंगरी

---

१८ जानेवारी

भिंगरी,

मी वहिनी. तुझ्या दादाला तू नेमकं काय लिहिलंस?

परवा तो बूट घेऊन आला, घोट्याच्या वरपर्यंत. ते घालून स्वयंपाकघरात फिरतो, म्हणे पाय रुळायला हवेत. फरशी रुळत चाललीये. काल होकायंत्र आलं. "उत्तर गॅलरीकडे आहे," असं त्यानं मला सांगितलं. या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली, कपडे कुठल्या बाजूला वाळतात ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी खाली कचरा टाकायला गेले तर हा गाडीत बसलेला. गाडी बंद, काचा वर, आणि ती दांडी मागेपुढे करतोय. मी काचेवर टकटक केलं तर म्हणाला, "हात बसवतोय."

गाडी द्यायचं ठरलंय असं म्हणतो. पण एक सांगते, तो 'देतो' म्हणत नाही, 'नेतो' म्हणतो. तू एकदा नीट विचारून घे. मी विचारलं की होकायंत्र बघतो.

वहिनी

---

२० जानेवारी

चि. भिंगरी,

आनंदाची बातमी. पूर्ण विचारांती गाडी आणण्याचे ठरवले आहे. ७ तारखेला मी स्वतः तिथे पोचेन. क्लासच्या पत्त्यावर नाव नोंदवून फीही भरली आहे. तू कशाचीही काळजी करू नयेस.

गाडीची तयारी जोरात आहे. पुढे स्टीलचा बंपर गार्ड बसवला. इतका चकचकीत आहे की वहिनी त्यात टिकली बघते. टपावर कॅरियर, त्यावर चार दिवे. मागे तंबू, दोन घडीच्या खुर्च्या, पाण्याचे दोन कॅन, डिझेलचे दोन कॅन, फावडे, कुऱ्हाड, दोर. दुकानदार म्हणाला, कुऱ्हाडीशिवाय कोणी खाणीत जात नाही. टायरमध्ये भरपूर हवा भरली आहे.

आपले वडीलबंधू आपल्यासाठी काय करतात, हे माणसाला फार उशिरा कळते.

दादा

---

२४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र टेंपोवाल्यासमोरच वाचलं आणि त्याला एक चक्कर मारून आणली टँकरमधून, आनंदानं. तो घाबरला, पण नंतर हसला.

मी तुला काय काय बोलले. ते सगळं मागे घेते. पाळण्याचं वाक्य ठेवते, ते चांगलं जमलंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, गाडी येतेय, भाऊ आणतोय. त्यांनी जुन्या ड्रायव्हरला मार्चच्या मध्यापर्यंत थांबायला राजी केलं. तो गुडघ्यांना शेक देत म्हणाला, "लवकर पास हो गं, माझं ब्रेकचं पाऊलच उचलत नाही." त्याच्या जीपमध्ये बसणाऱ्यांनी हे ऐकू नये.

आता ऐक. ते सगळं काढ. दिवे काढ, कॅरियर काढ. टपावर वजन घेतलं की गाडी बाजूला कलते. तंबू कशाला, तू माझ्या खोलीत झोपशील. आणि खाणीत एकही झाड नाही, कुऱ्हाडीनं काय मला तोडणार आहेस? बंपर गार्डच्या मागे हूक झाकला गेला नाही ना, तेवढं बघ.

आणि नाव नोंदवताना 'भिंगरी' लिहिलं नाहीस ना? दाखल्यावर शाळेतलं नाव हवं. ते मलासुद्धा पटकन आठवत नाही, म्हणून विचारते.

तुझी लाडकी
भिंगरी

---

२९ जानेवारी

चि. भिंगरी,

तुझ्या पत्रातील नावासंबंधीच्या परिच्छेदाबाबत खुलासा करणे क्रमप्राप्त आहे.

चालक म्हणून माझे नाव नोंदवले आहे. गाडी माझी, तिचा विमा माझ्या नावे, आणि विम्याच्या खात्यात सोळा वर्षे काढलेल्या माणसाने नियम मोडणे शोभत नाही. तुझे नाव 'सहायक' या रकान्यात आहे. शाळेतलेच लिहिले आहे.

शिवाय, साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली आहे. मीच घातली. ते लिफ्टमध्ये म्हणाले, "अरे वा, तुमच्यात हे पाणी आहे हे ठाऊक नव्हतं." सोळा वर्षांत ते लिफ्टमध्ये माझ्याशी प्रथमच बोलले. आता माघार घेतली तर मला जिन्याने जावे लागेल.

तू नाराज होऊ नयेस. शेजारी बसून पाहूनही पुष्कळ शिकता येते. तुझे वय आहे, पुढची तुकडी आहे. माझे वय बेचाळीस.

दादा

---

१ फेब्रुवारी

दादा,

वाचलं.

मला वाटलं होतं तू गाडी देतोयस. तू माझी नोकरी घेऊन तिच्यावर दिवे बसवत होतास.

मी येणार आहे. कारण सहायक म्हणजे काय, ते तू विचारलंच नाहीस. सहायक शेजारी बसत नाही. तो खाली उतरून गाडीच्या पुढे उभा राहतो आणि हातानं वाट दाखवतो. चालकाला बॉनेटपलीकडचं काही दिसत नसतं. सहायकानं डावीकडे म्हटलं की डावीकडे. मुठी आडव्या धरल्या की जागच्या जागी थांबायचं. 'का' विचारायचं नाही. जो चालक सहायकाचं ऐकत नाही, त्याला उस्ताद घरी पाठवतो.

तेव्हा ये. वाट बघते.

सहायक

---

१४ फेब्रुवारी

भिंगरी,

तो आला. पाठीला हात लावून जिना चढला, एक एक पायरी. बूट दाराबाहेर काढले, पुन्हा घातलेले नाहीत.

तू काहीच कळवलं नाहीस, पण इथे रोज नवी हकीकत ऐकायला मिळते. पहिल्या दिवशी चढ साधा होता. दुसऱ्या दिवशी तो उभा झाला. आज सकाळी माझ्या भावाला फोनवर सांगत होता, गाडी उलटता उलटता त्यानं प्रसंगावधान राखून वाचवली, आणि खाणीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, "टाळ्या कालपर्यंत नव्हत्या." तो आंघोळीला गेला.

मला खरं काय ते लिही. भांडणासाठी नको, मनोरंजनासाठी हवंय.

वहिनी

---

१८ फेब्रुवारी

वहिनी,

घरी सांगणार नाही असं मी त्याला म्हटलं होतं. तू घरातच असतेस, म्हणजे तुला सांगणं हे घरी सांगणं झालं. तरी सांगते.

सकाळी उस्तादनं सगळ्या गाड्या रांगेत लावल्या आणि म्हणाला, "हूक दाखवा." आपला हूक बंपर गार्डच्या मागे. दिसतच नाही, तर दोर कुठे बांधणार? गार्ड सोडायला पाना नाही. तंबू आहे, कुऱ्हाड आहे, पाना नाही. मी टँकरमधून आणला आणि तो सोडला. तोवर बाकीच्या गाड्या दुसऱ्या चढावर पोचल्या होत्या. दादा गार्ड छातीशी धरून उभा, लग्नात आहेर घेऊन उभा राहतात तसा.

मग उस्ताद म्हणाला, "हवा सोडा."

दादा म्हणाला, "कालच भरलीये."

"म्हणूनच सोडा. टायर मऊ झालं की दगडाला धरतं."

"किती सोडू?"

उस्तादनं त्याच्याकडे टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "टायरातली अर्धी. बाकीची तुम्ही ठरवा."

सामान काढू दे म्हटलं तर दादा ऐकेना. तिसऱ्या चढावर जायच्या आधी उस्ताद म्हणाला, उतरून चालून बघा. दादानं खिडकीतूनच बघितलं. मी वर चढले, वाट बघितली, उभी राहिले, हात दाखवायला लागले. तो अर्ध्यापर्यंत छान आला. खोटं कशाला बोलू, छान आला. मग टपावरचं वजन मागे खेचायला लागलं, त्यानं गिअर बदलला, आणि गाडी बंद पडली.

मागे बघायला आरसा होता, पण आरशात तंबू. दादानं स्टिअरिंग वळवायला घेतलं. एका बाजूला उघडा कडा होता, दोन घरं उंच. ओरडून उपयोग नव्हता, काचा वर होत्या, एसीसाठी. मी दोन्ही मुठी आडव्या धरल्या.

तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं, आणि तेही मी काही न बोलता.

मी दारापाशी गेले. ब्रेकवर पाय गच्च दाबलेला, आणि प्लॅस्टिकवरून तो घामानं घसरत होता. म्हणाला, "भिंगरे, मला पाय काढता येत नाहीये." मी म्हटलं, "नको काढू. हँडब्रेक ओढते." मग त्याला उतरवलं. उतरताना त्यानं माझं कोपर धरलं. शाळेत रस्ता ओलांडताना धरायचा तसंच, पण तेव्हा मला ओलांडायचं असायचं.

मी बसले. दांडी खाली घेतली, रिव्हर्स टाकला, चालू केली, क्लच सोडून दिला. पाय उचलून बसले. गाडी घरघरत, कुरकुरत, सरळ मागे उतरली. टाळ्या नव्हत्या. उस्तादनं एक शिट्टी वाजवली, म्हणजे पुढची गाडी.

मग दादाची पाठ धरली. ती धरायला मोकळीच होती. सामान खाली उतरवलं. उस्ताद म्हणाला, रांग अडवू नका, कुणीतरी चालवा, आणि उरलेला पहिला दिवस नि पूर्ण दुसरा दिवस मी गाडी चालवली. दादा सावलीत स्वतःच्या घडीच्या खुर्चीत. खुर्ची तेवढी कामी आली. सगळे चढ, ओढा, चिखलाचा खड्डा, सगळं एका दमात.

आणि आता हसायचा भाग, पण मला अजून हसू येत नाहीये. खाणीत कुणी कुणाला नावानं ओळखत नाही, गाडीनं ओळखतात. पांढरी मोठी, हिरवी जुनी, लाल फुटकी. उस्तादचा कारकून तंबूत बसून गाडीच्या नंबरापुढे खुणा करतो. पांढरी मोठी पास. पांढऱ्या मोठीचा चालक कोण? नोंदीत बघा. झालं. दाखला दादाच्या नावे निघाला. खाली शेराही आहे: 'उतारावर मागे येण्यात विशेष प्रावीण्य.'

मी उस्तादकडे गेले. म्हटलं, "तुम्ही बघितलंत ना कोण चालवत होतं?"

"बघितलं."

"मग नाव बदला."

"आज तुझ्यासाठी बदललं, तर उद्या साहेब लोक ड्रायव्हर पाठवतील आणि दाखला स्वतः नेतील. पुढच्या तुकडीत ये. तुझी फी घेणार नाही. गाडी मात्र आण."

पुढची तुकडी ८ आणि ९ मार्चला. दवाखान्याच्या ड्रायव्हरचे गुडघे त्याच आठवड्यापर्यंतचे आहेत. बाई म्हणाल्या, त्यानंतर त्यांना बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. तेव्हा वहिनी, मी गाडी चालवायला शिकले, आणि परत पाणीच वाहतेय.

भिंगरी

---

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

दाखला पोस्टाने आला. चौकट करून हॉलमध्ये लावला आहे. वहिनीने तो एकदा वाचला आणि 'विशेष प्रावीण्य' या शब्दांपाशी तिला ठसका लागला. तू तिला काही लिहिले आहेस का?

एक अडचण उद्भवली आहे. मी दाखल्याची प्रत ऑफिसात, सहज, टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. साहेबांनी ती पाहिली. रविवार मोहीम मंडळाने मला नुसते बोलावलेले नाही, तर ९ मार्चच्या मोहिमेचे नेतृत्व माझ्याकडे दिले आहे. सहा गाड्या. माझी सर्वांत पुढे. जागा म्हणजे नदीकाठचा एक उभा चढ असून त्याचे फोटो मी पाहिले. त्यानंतर जेवलो नाही.

तू त्या दिवशी सहायक म्हणून येऊ शकशील का? मी तुझे पूर्णपणे ऐकेन. वाटेत काही बिघडल्यास, पाठदुखीचे कारण मी तयार ठेवलेच आहे, तू गाडी हातात घ्यावीस. लोकांना सांगता येईल की मी तुला संधी देत आहे.

दादा

---

२६ फेब्रुवारी

दादा,

येणार नाही.

९ मार्चला मला इथे चढ चढायचाय, माझ्या नावावर. आणि त्यासाठी गाडी हवी. तुझीच. आता तूच बघ. गाडी तुझ्याकडे राहिली तर रविवारी सहा गाड्यांच्या पुढे तू, समोर तो चढ, खाली मुठी धरायला कुणी नाही. गाडी माझ्याकडे आली तर रविवारी तू घरी, आणि घरी राहायला कारणही सांगण्यासारखं, कारण गाडीच नाही.

मी धमकी देत नाहीये. तुला फक्त मागे उतरायची वाट दाखवतेय. यात तुला विशेष प्रावीण्य आहे असं भिंतीवर लिहिलंय.

६ तारखेला दुधाचा टेंपो तुमच्याकडे येतो. त्यातून मी तिकडे येईन, ७ ला गाडी घेऊन परत. रिकामी हवी. गार्ड नको, दिवे नकोत, कुऱ्हाड नको.

भिंगरी

---

२ मार्च

चि. भिंगरी,

सर्व बाजूंनी विचार केला. ६ तारखेला ये. गाडी रिकामी मिळेल. चालक म्हणून तुझे नाव मी आजच, शाळेतलेच, कळवले आहे. सहायकाचा रकाना मोकळा ठेवला आहे.

मंडळाला खालीलप्रमाणे कळवले: 'माझ्या हाताखाली तयार होत असलेल्या एका चालकाच्या अंतिम परीक्षेसाठी माझी गाडी रवाना होत असल्याने मोहीम पुढे ढकलावी.' साहेबांना हे फार आवडले. लिफ्टमध्ये त्यांनी माझ्यासाठी दार धरले.

दादा

त्याचं पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. सीटचं प्लॅस्टिक मी काल कात्रीनं कापून काढलं. तो गॅलरीत गेला आणि उत्तरेकडे बघत उभा राहिला. तू ये. पास होऊन परत जा. – वहिनी

---

१० मार्च
फिरत्या दवाखान्यातून

दादा,

पास झाले. एकदाच बंद पडली, तिसऱ्या चढावरच, आणि सरळ मागे आले. कारकुनानं नाव दोनदा विचारून लिहिलं. उस्तादनं दाखला दिला, शेरा काही नाही, नुसतं 'पास'. मी म्हटलं, "भावाला तर केवढा शेरा दिलात." तो म्हणाला, "ज्याला लागतो त्याला देतो."

आज सकाळी बाईंनी जीपची किल्ली हातात ठेवली. जुन्या ड्रायव्हरनं सीटखाली ठेवलेली उशीही दिली, म्हणाला, "ही जीपचीच आहे, तुझी नाही." पहिलीच फेरी वरच्या वस्तीला होती. परतताना एका ओढ्याकाठी बेडूक असे ओरडत होते की मी जीप थांबवून ऐकायला लागले, तेव्हा मागून बाई म्हणाल्या, "अगं, आत पेशंट आहे." मी म्हटलं, हो. आणि निघाले. थांबायची हौस असूनही निघाले, हे नोंदवून ठेव, कारण तुझ्याशिवाय कुणाला त्याचं नवल वाटणार नाही.

तुझी गाडी बुधवारी टेंपोवाल्याचा भाऊ आणून सोडेल. दारांपासून टपापर्यंत खाणीचा लाल चिखल आहे, वाळून पापुद्रा झालाय, आरशावरही आहे. पाणी लावू नकोस. तशीच सोमवारी ऑफिसात ने, साहेबांच्या खिडकीखाली लाव.

कुणी विचारलं तर तूच गेला होतास म्हण. मी नाही म्हणणार नाही. माझ्याकडे आता दुसरा चिखल आहे, रोजचा.

भिंगरी